दुसऱ्याचा आवाज



पदवीदानाच्या दिवशी शास्त्रज्ञांची, उद्योजकांची, समाजसुधारकांची चरित्रं सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. मी आज एका विनोदी नटाच्या कारकिर्दीबद्दल बोलणार आहे, आणि ती तितक्याच गांभीर्याने अभ्यासण्याजोगी आहे असं मला मनापासून वाटतं. दिलीप प्रभावळकर यांचा जन्म 1944 चा. विज्ञानाचं शिक्षण घेऊन, कित्येक वर्षं नोकरी सांभाळून त्यांनी नाटक केलं. बालनाट्यातली चेटकीण, दूरदर्शनवरचा चिमणराव, पडद्यावरचा बोलका बाहुला, महात्मा गांधी आणि वयाची 80 वर्षं ओलांडल्यावर 2025 च्या ‘दशावतार’ चित्रपटातला बाबुली मेस्त्री हा म्हातारा दशावतारी कलावंत, एवढा मोठा पल्ला एका माणसाने गाठला. अशा वेळी आपण ‘उपजत प्रतिभा’ म्हणतो आणि मोकळे होतो. माझं म्हणणं वेगळं आहे. या कारकिर्दीच्या मुळाशी एक शिस्त आहे: दुसरा माणूस कसा बोलतो आणि तसंच का बोलतो, हे आपलं मत बाजूला ठेवून ऐकण्याची. ही शिस्त शिकता येते आणि तिची गरज रंगभूमीच्या बाहेरही तितकीच आहे.

पुरावा चिमणरावापासून घेऊ. चिं. वि. जोशी बडोद्याला पाली भाषेचे प्राध्यापक होते. त्यांनी निर्माण केलेला चिमणराव आपल्या फजितीच्या हकिकती स्वतःच सांगतो, त्यामुळे वाचकाला तो शब्दांतून पुरता कळतो. पण 1970 च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर मालिका आली तेव्हा या माणसाला नेमका असा आवाज द्यायचा होता. कल्पित माणसाचा मूळ आवाज असा नसतोच, म्हणजे नक्कल करायला खरा माणूस समोर नव्हता. प्रभावळकरांनी दिलेला आवाज वरच्या पट्टीतला, घाबरा आणि तरीही आपली अब्रू सांभाळू पाहणारा होता. बाळ कर्वे यांच्या गुंड्याभाऊचा दणदणीतपणा शेजारी असल्यामुळे तो आणखी उठून दिसला. ज्या माणसाला घरात, कचेरीत, रस्त्यावर सतत माघार घ्यावी लागते पण ती माघार आहे असं कबूल करायचं नसतं, त्याचं बोलणं कसं असेल, या प्रश्नाचं ते उत्तर होतं. म्हणून प्रेक्षक चिमणरावाला हसले, पण त्याला तुच्छ लेखून नव्हे. नक्कल करणारा माणसाची लकब उचलतो. नट त्या लकबीचं कारण शोधतो, आणि ते एकदा सापडलं की ज्या प्रसंगी तो माणूस कधी बोलताना ऐकलेला नाही त्या प्रसंगीही तो कसा बोलेल हे ठरवता येतं.

‘हसवाफसवी’ हे प्रभावळकरांनी स्वतः लिहिलेलं नाटक. त्यात ते एकाच प्रयोगात सहा भूमिका करत. वृद्ध गायकनट कृष्णराव हेरंबकर, नाना पुंजे, दीप्ती लुकतुके यांच्यातलं अंतर केवळ रंगभूषेने पडत नाही. श्वास कुठे घ्यायचा, वाक्य कुठे तोडायचं, कोणता शब्द गिळायचा, यावर ते पडतं. त्याहूनही मला महत्त्वाची वाटते ती ‘अनुदिनी’. ‘लोकसत्ता’तल्या या सदरात टिपरे कुटुंबातली माणसं आपापली रोजनिशी लिहितात. एकच घर आणि तेच दिवस, पण आजोबांची वाक्यं नातवाच्या वाक्यांसारखी नाहीत. इथे ना गळा आहे, ना चेहरा, ना रंगमंच. नुसत्या कागदावर माणसं वेगळी ऐकू येतात. याच लेखनातून पुढे 2001 मध्ये ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका आली आणि आबांची भूमिका प्रभावळकरांनीच केली. आवाजाचं काम गळ्यात होतं असा समज असेल, तर तो या एका उदाहरणाने दूर व्हावा.

आता बाहुल्याकडे येऊ. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ 1993 चा. तात्या विंचू हा गुंड मरताना बाहुल्यात शिरतो. बाहुला रामदास पाध्ये यांचा, आवाज प्रभावळकरांचा. कार्टूनला आवाज देणाऱ्यांचं काम याच जातीचं असतं. चित्रातला किंवा लाकडी चेहरा भाव दाखवून दाखवून किती दाखवणार? राग, धूर्तपणा, अगतिकता, सगळं आवाजानेच करायचं. शिवाय बाहुला बोलायला लागल्यावर हा तोच मघाचा गुंड आहे, हे चेहरा नसताना प्रेक्षकाला पटलं पाहिजे. भाषांतरित कार्टूनमध्ये आणखी एक बंधन येतं: पडद्यावरचं तोंड जेवढा वेळ हलतं तेवढ्यातच आपल्या भाषेतलं वाक्य बसलं पाहिजे, आणि ते कोंबल्यासारखं वाटता कामा नये. मेघना एरंडे यांचा आवाज ‘निन्जा हातोरी’ या कार्टूनमधून देशभरातल्या मुलांनी हिंदीत ऐकला. त्यांतल्या बहुतेकांना एका मराठी अभिनेत्रीचं नाव ठाऊक नसेल. अमेरिकेत बग्ज बनी, डॅफी डक आणि पोर्की पिग हे तिघेही मेल ब्लँक या एकाच माणसाच्या आवाजात बोलत. हे मोठं काम आहे आणि त्याला आपण दिलेलं स्थान त्या मानाने फार लहान आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की प्रभावळकरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो गांधींच्या भूमिकेसाठी, चेटकिणीसाठी किंवा तात्या विंचूसाठी नाही. म्हणजे खरं काम गंभीर काम, बाकी सगळी त्याची तयारी. वरवर हे बिनतोड वाटतं. पण ‘लगे रहो मुन्नाभाई’ हा 2006 चा चित्रपट स्वतः विनोदी आहे. त्यातले गांधी जवळजवळ शेवटपर्यंत फक्त मुन्नाला दिसतात आणि मुन्नाला जेवढं ठाऊक तेवढंच त्यांना ठाऊक असतं, म्हणजे ते मुन्नाच्या मनातून आलेले गांधी आहेत. गांधींच्या आवाजाची ध्वनिमुद्रणं उपलब्ध आहेत आणि हुबेहूब नक्कल करण्याचा मोह कोणालाही झाला असता. पडद्यावर मात्र ऐकू येतो तो घरातल्या थोरल्या माणसाचा, न रागावणारा स्वर. मुन्नासारख्या माणसाने ऐकावं असं कोण बोलेल, याचा विचार त्यामागे दिसतो, आणि हा विचार चिमणरावाच्या वेळी केलेल्या विचाराच्याच वंशातला आहे. तो पुरस्कार या चित्रपटासाठी आणि गजेंद्र अहिरे यांच्या ‘शेवरी’साठी मिळून दिला गेला, हेही ध्यानात घ्यावं. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण ज्या निष्ठेने केली, त्याच निष्ठेने गांधी केले. प्रेक्षक मुलं आहेत म्हणून चालवून घेतलं असतं, तर हा पल्ला जमला नसता.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि तो तुमच्या मनात नक्की असेल. हे सगळं मुंबईत घडलं. तिथे आकाशवाणी होती, 1972 पासून दूरदर्शन होतं, नाट्यसंस्था होत्या. तुमच्या या चंदगड तालुक्यातल्या मुलाने किंवा मुलीने काय करायचं? संधीतली ही विषमता खरी आहे, आणि कष्ट केले की सगळं मिळतं असं सांगून मी ती झाकणार नाही. पण ऐकण्याच्या बाबतीत हा तालुका दरिद्री नाही. 1956 पर्यंत तो बेळगाव जिल्ह्यात होता. एका अंगाला कन्नड, दुसऱ्या अंगाला घाट उतरलं की मालवणी आणि कोकणी, आणि मधे तुमची चंदगडी, जिच्यात या सगळ्यांचे सूर मिसळले आहेत. याच तालुक्यातल्या कोवाडच्या रणजित देसाईंनी मराठीतल्या थोर ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या. घरी एक, बाजारात दुसरी, वर्गात तिसरी भाषा वापरणाऱ्या तुमच्या कानाला जी सवय आपोआप झाली आहे, ती एकभाषी शहरी घरातल्या मुलाला मुद्दाम करून घ्यावी लागते.

अडचण अशी की या बोलीची शहरात थट्टा होते, आणि ती बहुतेक वेळा विनोदाच्याच नावाने होते. आपल्या करमणुकीत खेड्यातल्या माणसाची बोली हेच हशाचं कारण करण्याची खोड जुनी आहे. तिथे बोलणाऱ्याचं कारण कोणी शोधत नाही, नुसती लकब उचलतात. तो आळस आहे. उलट गंगाराम गवाणकरांचं, मच्छिंद्र कांबळींनी गाजवलेलं ‘वस्त्रहरण’ पाहा. 1980 मध्ये मालवणी बोली व्यावसायिक रंगभूमीवर मध्यभागी आली आणि पुढे लंडनपर्यंत गेली. हशा तिथेही प्रचंड होता, पण मालवणी माणूस त्यात आपल्या भाषेचा धनी होता. तुमची बोली लपवायला शिकवणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. प्रमाण मराठी उत्तम शिका, इंग्रजी शिका, कामाला लागेल ती प्रत्येक भाषा शिका, पण एक शिकताना दुसरी टाकून देऊ नका. ज्याच्याजवळ चार आवाज आहेत त्याने तीन का फेकावेत?

तिसरा आक्षेप आजच्या दिवसांचा आहे. यंत्र आता कोणाचाही आवाज काढतं, मग ही शिस्त कशाला? आवाजावर पोट असणाऱ्यांना ही भीती वाटते ती निराधार नाही. अमेरिकेतल्या नटांच्या 2023 च्या संपात आणि त्यानंतर व्हिडिओ गेमला आवाज देणाऱ्यांच्या संपात हाच मुद्दा ऐरणीवर होता. कलावंताच्या संमतीशिवाय आणि मोबदल्याशिवाय त्याचा आवाज वापरता येऊ नये, यासाठी आपल्याकडेही पक्के करार आणि स्पष्ट कायदा हवा. तुमच्यापैकी जे वकिलीकडे जातील त्यांच्यासाठी हे काम वाट पाहत आहे. मात्र यंत्राला आधी झालेला आवाज लागतो. प्रभावळकरांनी चिमणरावाला दिलेला आवाज त्यांच्याआधी झालेलाच नव्हता. तो छापील पानांवरून आणि भोवतालच्या माणसांवरून त्यांनी ठरवला. चंदगडी बोलणाऱ्या काजू उत्पादकाचा, ऊसतोड करून परतलेल्या बाईचा, एसटीच्या वाहकाचा आवाज रंगमंचावर, मालिकेत किंवा मुलांच्या कार्टूनमध्ये कसा असावा, हे ठरवण्याइतकं या माणसांना तुम्हीच ऐकलं आहे. शिक्षक, परिचारिका, बँकेतले अधिकारी, ग्रामसेवक होणाऱ्यांपुढेही हीच माणसं अर्ज, तक्रार किंवा दुखणं घेऊन येणार आहेत, आणि ती आपल्याच बोलीत बोलतील.