चाकू कुणाच्या हातात?

(नागसेनवनात तरुणांपुढं केलेलं भाषण)



सर्जन पुस्तकातनं घडत नाही. तो ऑपरेशनच्या टेबलापाशी घडतो. सीनिअरनं चाकू हातात दिला, टाका घालू दिला, चुकलं तिथं दाखवून दिलं, तर ज्युनिअर शिकतो. नाहीतर तीन वर्षं दुसऱ्याची जखम उघडी धरून नुसता उभा राहतो. म्हणजे विद्या पुन्हा कुणाच्यातरी मर्जीवर आली. राखीव जागा आपल्याला कॉलेजच्या दारापर्यंत नेते. थिएटरच्या दारात मनू उभाय, हिरवा गाऊन घालून.

पायल तडवी आठवा. जळगावकडची, तडवी भिल्लांची पोर. मुंबईच्या नायर हॉस्पिटलात बाळंतपणाच्या आणि स्त्रीरोगाच्या विभागात पुढचं शिकत होती. २२ मे २०१९ ला तिनं जीव दिला. जातीवरनं टोमणे मारले, केसेसपासून लांब ठेवलं, हा घरच्यांचा आरोप. तीन सीनिअर डॉक्टरणींवर ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. दोष कोर्ट ठरवील. २०२० साली सुप्रीम कोर्टानं त्या तिघींना शिक्षण पुरं करायची मुभा दिली. पायलचं मात्र अर्धंच राहिलं. तिची आई आबेदा तडवी आणि रोहितची आई राधिका वेमुला, दोघी मिळून सुप्रीम कोर्टात गेल्या. लेकरं गमावलेल्या आया कॉलेजांना कायदा शिकवतात, ही या देशाची गुणवत्ता!

एकट्या पायलची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाची चौकशी सुखदेव थोरात समितीनं केली. २००७ च्या अहवालात दलित-आदिवासी पोरांनी सांगितलं : तोंडी परीक्षेत न्याय नाही, मास्तरांची साथ नाही, होस्टेलातही वेगळं पडावं लागतं. लेखी पेपरावर नंबर असतो. तोंडी परीक्षेत आडनाव समोर उभं असतं.

१९७२ साली आपण पँथर हे नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या भावंडांकडनं. तिथला व्हिव्हिअन थॉमस, सुताराचा पोर. मंदीत बँक बुडाली, डॉक्टरकीसाठी साठवलेला पैसा गेला. व्हँडरबिल्ट विद्यापीठात काम संशोधकाचं, कागदावर हुद्दा झाडूवाल्याचा. १९४४ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये निळ्या पडलेल्या बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. त्याची रीत थॉमसनं कुत्र्यांवर बसवलेली. डॉक्टर ब्लॅलॉक चाकू चालवत होते, थॉमस मागं स्टुलावर उभा राहून सांगत होता. ऑपरेशनला नाव लागलं ब्लॅलॉक आणि टॉसिग यांचं. मानद डॉक्टरकी थॉमसला मिळाली १९७६ साली. आणि हेलन टॉसिग? कल्पना तिची, पण बाई. पूर्ण प्रोफेसर व्हायला १९५९ उजाडलं. ती गोरी होती म्हणून नाव तरी लागलं. काळी बाई असती तर? आणि इथं दलित बाई असली तर? तिला दोन्ही दारं बंद.

वर चढावं तर शिडीच कापलेली. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात सुप्रीम कोर्ट म्हणालं, सुपर स्पेशालिटीसारख्या जागांना आरक्षण लावू नये. १९९९ साली त्याच पातळीवरच्या प्रवेशालाही तोच न्याय लावला. खाली चाकू द्यायचा नाही, वर विचारायचं, हात का बसला नाही?

म्हणून रडायचं नाही, हिशोब मागायचा. कुणाला किती ऑपरेशनं दिली, याची यादी दर महिन्याला भिंतीवर लावा. एकच परीक्षक नको, तोंडी परीक्षेतला प्रत्येक प्रश्न आणि मार्क लिहून ठेवा. सर्जरीच्या प्रोफेसरांत आपले किती, त्यात बाया किती, माहितीच्या अधिकारात विचारा. सुरुवात आपल्या घाटीपासून करा. घाटीवर ठपका ठेवत नाही, हिशोब मागतोय.

बाबासाहेबांनी १९५० साली इथं कॉलेज काढलं. ते आपण दारात थांबावं म्हणून नाही.

रक्त सगळ्यांचं लाल, हे व्याख्यानात पुष्कळ ऐकलं. आता चाकू कुणाच्या हातात आहे ते मोजू.

जयभीम!