विंडोज १० चं शेवटचं अपडेट

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. संगणक काही बंद पडला नाही. पलूसच्या एखाद्या झेरॉक्स सेंटरमध्ये सातबाऱ्याची प्रिंट निघतेच. सुरक्षा अपडेट थांबल्याचा धोका ध्यानात येत नाही, तो यामुळेच.

‘चालतंय की!’ बँकाही तेच म्हणत होत्या. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, तरी कित्येक एटीएम त्यावरच होती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने अपडेट न केलेल्या विंडोज संगणकांवर जगभर धुमाकूळ घातला. अखेर जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने एटीएममधून एक्सपी हटवायला बँकांना वर्षभराची मुदत घालून दिली.

म्हणून घरी अजून विंडोज १० असेल, तर आधी महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर घ्याव्यात. मग राहिलेले सगळे अपडेट टाकून आवृत्ती २२एच२ आहे ना, हे पाहावं. त्याशिवाय घरगुती संगणकासाठीच्या वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी होत नाही.