ओटीपी कुणाच्या फोनवर जातो?

आजचा विषय इन्कम टॅक्सचा आहे. लगेच म्हणू नका, "आमचं कुठं एवढं उत्पन्न!" आमच्या गटातल्या एका ताईंनाही तसंच वाटत होतं.

ताईंचा घटस्फोट झाला. ८ लाख रुपये एकरकमी पोटगी मिळाली. त्यांनी ती बँकेत मुदत ठेवीत टाकली. शिवणकामाचे महिन्याला सहा हजार सुटतात. वर्षाने पाहिलं, तर ५६ हजारांच्या व्याजातून बँकेने ५,६०० रुपये कापलेले. ताई घाबरल्या. "पोटगीवरपण टॅक्स?"

तसं नाही. एकरकमी पोटगी उत्पन्नात धरत नाहीत, मुंबई उच्च न्यायालयाचा तसा निकाल आहे. दरमहा मिळणारी पोटगी मात्र उत्पन्नात येते, आणि ठेवीचं व्याजही येतं. २०२५-२६ मध्ये व्याज ५० हजारांच्या वर गेलं की बँक दहा टक्के कापते. पण ताईंचं व्याज आणि शिवणकाम मिळून वर्षाला होतात १ लाख २८ हजार. नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही. म्हणजे कापलेले पैसे ताईंचेच. फक्त विवरणपत्र भरून ते परत मागायचे.

खरी अडचण पुढेच होती. तालुक्याला सेवा केंद्रात पॅन नंबर टाकला, तर आयकराच्या साइटवर ताईंचं खातं आधीच उघडलेलं. लग्नात असताना दुकानाच्या कर्जासाठी नवऱ्याने ताईंच्या नावाने विवरणपत्र भरलं होतं. ताईंनी पॅन आणि आधार काढून दिलं होतं, कशाला ते विचारलं नव्हतं. ओटीपी जात होता नवऱ्याच्या फोनवर.

केंद्रातला मुलगा म्हणाला, "फोन करून आकडा विचारा ना." ताई म्हणाल्या, "पोटगीसाठी कोर्टात उभी राहिले. आता आकड्यासाठी त्याच्या दारात उभी राहू?" मग तो म्हणाला, "नवीन पॅन काढू." तेही नको. एका माणसाला एकच पॅन. दुसरं काढलं तर १० हजार रुपये दंड होऊ शकतो. लग्न झालं, मोडलं, तरी नंबर तोच राहतो.

मग आम्ही आधारपासून सुरुवात केली. तिथेही नवऱ्याचाच नंबर होता. ताई स्वतः आधार केंद्रात गेल्या, ठसा दिला, आपला मोबाइल नंबर लावून घेतला. तो चढल्यावर आयकराच्या साइटवर आधारच्या ओटीपीने नवा पासवर्ड केला. तिथला मोबाइल आणि ईमेल बदलला. परताव्यासाठी एकटीच्या नावाचं बँक खातं जोडलं. विवरणपत्र भरलं आणि लगेच त्याची पडताळणीही केली. ही पडताळणी ३० दिवसांत करावी लागते, बऱ्याच जणी तीच विसरतात.

जुनी विवरणपत्रंही उघडून पाहिली. कागदावर ताई वर्षाला साडेतीन लाख कमावणाऱ्या दुकानदार होत्या! आधी त्यांना हसू आलं, मग त्या गप्प झाल्या. परतावा खात्यात आला. आता त्या कर्जावर आपलं नाव आहे का, हे विचारायला त्या बँकेत जाणार आहेत. मीही सोबत जाणार आहे.

मैत्रिणींनो, आपल्या देशात नवरा-बायकोचं विवरणपत्र एकत्र नसतंच. संसारात असतानाही तुमचं वेगळंच असतं. म्हणून हे सगळ्यांसाठी सांगते. पॅन कुणी मागितलं तर कशाला ते विचारा, आणि भरलेल्या कागदाची प्रत मागून घ्या. ठेव असेल आणि कर लागत नसेल, तर एप्रिलमध्येच बँकेत कर न कापण्याचा फॉर्म द्या. आपण त्याला १५जी म्हणून ओळखतो. विवरणपत्र भरायचं असेल तर जून महिन्यातच कागद जमवा.

पुढच्या बैठकीला येताना आधार, पॅन आणि पासबुक घेऊन या. हप्ता गोळा झाला की प्रत्येकीने एकच गोष्ट तपासायची: आपला ओटीपी कुणाच्या फोनवर जातो? दुसऱ्याच्या जात असेल, तर लाजू नका, तिथेच सांगा. आपण मिळून आधार केंद्रात जाऊ.