शब्द मऊ, घाव तोच



विषय छोटा वाटेल, पण तो प्रत्येकाच्या घरात आहे. आपल्या बोलण्यात काही इंग्रजी शब्द चांगलेच मुरलेत. सासू चार बायकांत सुनेला टाकून बोलते आणि वर म्हणते, मी जरा फ्रँक आहे. मुलगा आजारी बापाकडे फिरकत नाही. विचारलं तर, थोडा बिझी होतो. मैत्रिणीच्या रंगावरून हसायचं आणि तिचे डोळे भरले की म्हणायचं, अगं जोक केला, किती सेन्सिटिव्ह तू! म्हणजे चिमटा काढणारी मोकळी, दोष रडणारीचा.

हेच मराठीत म्हणून बघा. मी तिचा पाणउतारा केला. मी बापाला टाळलं. जीभ अडखळते ना? जिथं अडखळते, तिथूनच सुधारणा सुरू होते.

दोष इंग्रजीचा नाही. ती भाषा आपल्या पोरांनी शिकलीच पाहिजे. बाबासाहेबांचं 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' हे १९३६ सालचं पुस्तक इंग्रजीतच आहे. पण त्यात त्यांनी जातीला जातच म्हटलं, गुळमुळीत शब्द शोधला नाही.

मऊ शब्दाचा मार आपल्याला ठाऊक आहे. भाड्यानं खोली बघायला जा. 'फुल नेम काय? सहज विचारलं.' नाव ऐकलं की, 'आमची सोसायटी जरा वेगळ्या टाइपची आहे.' शिवी एक नाही, पण दार बंद. बाहेर हे ज्याला झोंबतं, त्यानं घरात सुनेशी, धाकट्या भावाशी तसं बोलावं का?

भगवान बुद्धांनी सम्यक वाचेत खोटं, चहाडी, कठोर बोलणं आणि वायफळ बडबड या चारही गोष्टी सोडायला सांगितल्या. राहुलाला त्यांनी आरशाचा दाखला दिला. काया, वाचा, मनानं काही करण्याआधी, करताना आणि केल्यावर तपासून बघ, म्हणाले. 'फ्रँक', 'जोक' हे शब्द त्या आरशावर धूळ टाकतात.

मग मऊ शब्द फेकून द्यायचे का? नाही, त्यांची जागा बदलायची. घरच्या माणसाची, शेजाऱ्याची चूक मऊ शब्दात सांगा. तो ऐकून घेईल. स्वतःच्या वागण्याला मात्र सरळ मराठी नाव द्या. आणि जातीवरून कोणी दार लावलं, तर त्याला 'टाइप' म्हणू नका, जातिभेदच म्हणा.