उंचीवरील धावणे : सुटीतील सावधगिरी

(आमोणे येथील ग्रामस्थ व शिक्षक यांच्यासमोरील भाषणाचा मजकूर)



मांडवीच्या काठी वसलेले आमोणे समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही. येथे नित्यनेमाने धावणारा तरुण सुटीत महाबळेश्वर किंवा लेह येथे गेला, तरी त्याची सवय त्याला स्वस्थ बसू देत नाही. व्यायामाची ही आवड स्तुत्यच होय. मात्र उंचीचा धर्म जाणून घेतल्यावाचून तेथे धावणे धोक्याचे ठरते.

पर्वतावरील हवेतही प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्केच असते. परंतु हवेचा दाब कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू घटतो. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तेथे दम काहीसा लवकर लागतो, इतकेच. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे मात्र हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ दोनतृतीयांशच असतो.

कसलेल्या शरीरालाही हा नियम चुकत नाही. १९६८ चे ऑलिंपिक सामने २,२४० मीटर उंचीवरील मेक्सिको शहरात झाले. १०,००० मीटर शर्यतीचा तत्कालीन विश्वविक्रमवीर, ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क, त्या शर्यतीत सहावा आला आणि शर्यत संपताच कोसळला. सुवर्णपदक केनियाच्या नफ्ताली टेमू याने पटकाविले. तो उंच प्रदेशातच वाढला होता.

उंचीवर दीर्घकाळ राहिल्यास रक्तातील तांबड्या पेशी वाढतात. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे यांनी अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे, सुमारे १,८०० मीटर उंचीवर, सराव केला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत रौप्यपदक मिळविले. परंतु हे आठवड्यांचे काम आहे. चार दिवसांच्या सुटीत तो लाभ पदरी पडत नाही.

म्हणून लेहसारख्या ठिकाणी पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी. नंतर चालावे, आणि त्यानंतरच बोलता येईल इतक्या संथ गतीने धावावे. घरच्या वेळेशी तुलना करू नये. डोकेदुखी, मळमळ वा चक्कर जाणवल्यास धावणे थांबवावे व अधिक उंचीवर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर तत्काळ खाली उतरून वैद्यकीय उपचार घ्यावेत. येथील विलंब जिवावर बेतू शकतो.

सहलीस विद्यार्थी नेणाऱ्या शिक्षकांनी ही माहिती त्यांना निघण्यापूर्वीच द्यावी. शर्यतीत नेहमी पुढे असणारा मुलगाच त्रास लपविण्याचा संभव अधिक असतो; त्याच्याकडे विशेष लक्ष ठेवावे.