झाशी : रंगमंचावर आणि पडद्यावर

झाशीचे नाव निघताच मराठी मनाला तलवारीची आठवण होते. परंतु रणदुंदुभी वाजण्यापूर्वी त्या नगरीत मृदंग वाजत होता. राणी लक्ष्मीबाईंचे पती गंगाधरराव नेवाळकर हे नाटकाचे मोठे शोकीन होते. इकडे 1843 मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीकरांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ सादर केले, त्याच सुमारास दूर बुंदेलखंडातील हा मराठी संस्थानिक रंगभूमीचे कोड पुरवीत होता. 1853 मध्ये गंगाधरराव वारले, पुढच्याच वर्षी संस्थान खालसा झाले आणि 1858 मध्ये राणीने रणांगणात देह ठेवला. नाटकवेड्या राजाची राणी स्वतःच एका महानाटकाची नायिका झाली.

हे नाटक लिहावे कसे, हा प्रश्न पुढील लेखकांपुढे उभा राहिला. साधने मराठीत होती. झाशीचा वेढा प्रत्यक्ष पाहिलेल्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ 1907 मध्ये छापला गेला. त्याच्याही आधी, 1894 मध्ये, दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे राणीचे चरित्र प्रसिद्ध झाले होते. झाशी जिल्ह्यातच जन्मलेले हिंदी कादंबरीकार व नाटककार वृंदावनलाल वर्मा यांना पारसनिसांचे एक मत मान्य नव्हते. राणी परिस्थितीने अगतिक होऊन लढली की स्वराज्यासाठी लढली, हा तो वाद होय. वर्मांनी 1946 च्या आपल्या कादंबरीत दुसरा पक्ष घेतला. हा वाद केवळ इतिहासकारांचा नव्हे; नाटककारालाही तो टाळता येत नाही. अगतिक नायिकेची शोकांतिका होते, संकल्प करणाऱ्या नायिकेचे वीरनाट्य होते.

चित्रपटाने या विषयाला 1953 मध्ये हात घातला. ‘झाँसी की रानी’चे निर्माते-दिग्दर्शक सोहराब मोदी हे पारशी रंगभूमीवरून आलेले. भारदस्त संवाद हे त्यांचे बळ. म्हणून कथाकार पंडित सुदर्शन यांच्यासारखे लेखक त्यांच्या लेखकवर्गात होते. टेक्निकलर रंगांसाठी हॉलिवुडचा छायालेखक अर्नेस्ट हॅलर आणला गेला. खर्च अफाट झाला, चित्रे डोळे दिपविणारी उतरली. पण तिकीटबारीवर चित्रपट कोसळला. पडद्यावर सैन्य, तोफा, घोडे सारे काही दाखविता येते. मात्र तेथे लेखकाचा शब्द हा अनेक सेवकांपैकी एक ठरतो.

रंगभूमीची रीत उलटी आहे. वि. वा. शिरवाडकर यांचे ‘वीज म्हणाली धरतीला’ 1970 मध्ये आले. विषय तोच, झाशीची राणी. पण येथे फौज उभी करायला जागा नाही. रण पडद्याआड राहते आणि त्याचा दाह पात्रांच्या मुखातून प्रेक्षकांपर्यंत पोहोचवावा लागतो. योगायोग असा, की मोदींच्या चित्रपटाचे संगीतकार वसंत देसाई यांनीच या नाटकालाही संगीत दिले आणि फैयाज यांच्या गळ्यातून उमटलेले त्यातील गीत रसिकांच्या स्मरणात राहिले. एकाच संगीतकाराने एकच राणी दोन माध्यमांत पाहिली. एकदा सहस्र घोड्यांच्या टापांत, एकदा एकाकी कंठात.

शिरवाडकरांना पडदा अपरिचित नव्हता. नाशिकच्या गोदावरी सिनेटोनसाठी त्यांनी 1936 मध्ये ‘सती सुलोचना’ची पटकथा लिहिली, तीत लक्ष्मणाची भूमिकाही केली. चित्रपट चालला नाही. ते वृत्तपत्रांकडे वळले, आणि पुढे ‘दुसरा पेशवा’, ‘कौंतेय’, ‘ययाति आणि देवयानी’ अशी नाटके त्यांच्या लेखणीतून उतरली. राणीचे नाटक आले त्याच 1970 मध्ये ‘नटसम्राट’ही रंगभूमीवर आले. 1999 मध्ये त्यांचे निधन झाले. ‘नटसम्राट’ मराठी पडद्यावर आले ते 2016 मध्ये. तरुणपणी ज्या पडद्याने त्यांना परत पाठविले, तोच अखेर त्यांच्या नाटकाच्या दारी आला.

यावरून चित्रपट हलका व नाटक थोर, असा निवाडा करणे अन्यायाचे होईल. पडदा खेड्यापाड्यांतल्या लक्षावधींपर्यंत जातो, लेखकाला चार पैसेही देतो. ही गोष्ट लहान नव्हे. परंतु नाटककाराने तेथे जाताना आपली शिदोरी बरोबर न्यावी. कल्पनेने जे पाहायचे ते सारेच डोळ्यांना दाखविले, तर मनाला काम उरत नाही. झाशीचा किल्ला आजही उभा आहे, कोणालाही तो पाहता येतो. त्याच्या तटावर उभ्या असलेल्या स्त्रीच्या मनात त्या वेढ्याच्या रात्री काय चालले असेल, हे मात्र कॅमेऱ्याला दिसत नाही. ते लेखकालाच ऐकावे लागते.