मदत मागावी, पण मिंधे होऊ नये



राजकीय स्वातंत्र्य एका मध्यरात्री मिळू शकते. आर्थिक स्वातंत्र्यासाठी मात्र पिढ्या खर्ची पडतात. आपल्या राष्ट्राचा पहिल्या दोन दशकांचा इतिहास याची साक्ष देतो.

फाळणीमुळे पश्चिम पंजाबातील कालव्यांखालची गव्हाची जमीन पाकिस्तानात गेली आणि लक्षावधी निर्वासित इकडे आले. त्यातच १९५० साल नैसर्गिक आपत्तींचे ठरले. अखेर डिसेंबर १९५० मध्ये राजदूत विजयालक्ष्मी पंडित यांनी अमेरिकेकडे २० लाख टन धान्य मागितले.

अमेरिकेत गहू मुबलक होता, पण मनाचा मोकळेपणा नव्हता. भारताने कम्युनिस्ट चीनला मान्यता दिली होती आणि कोरियाच्या युद्धात अमेरिकेची री ओढली नव्हती. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी फेब्रुवारी १९५१ मध्ये मदतीची शिफारस केली, तरी तेथील संसदेत काही महिने घोळ चालला. गव्हाच्या मोबदल्यात केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळू मिळावी, असाही आग्रह झाला. या वाळूत थोरियम असते, म्हणजे भावी अणुशक्तीची शिदोरी!

दारात दुष्काळ उभा असताना नकार देणे सोपे नव्हते. तरीही राजकीय अटींवर धान्य घेणार नाही, ही भूमिका पंतप्रधान नेहरूंनी जाहीरपणे मांडली. त्यांच्या परराष्ट्र धोरणाविषयी मतभेद असू शकतात. पण येथे ते राष्ट्राच्या स्वाभिमानाची भाषा बोलले, हे मान्य केले पाहिजे. १५ जून १९५१ रोजी कायदा झाला. १९ कोटी डॉलरची ती मदत देणगी नव्हती, कर्ज होते. भारताने कर्जच पसंत केले. कर्ज फेडता येते. उपकाराचे ओझे पिढ्यान्‌पिढ्या उतरत नाही.

परंतु नुसत्या बाणेदारपणाने कोठारे भरत नाहीत. १९६५-६६ च्या दुष्काळात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजे थोड्या थोड्या मुदतीच्या हिशेबाने सोडली. व्हिएतनामवरील भारताची टीका त्यांना खुपत होती. त्या अपमानाचे खरे उत्तर कोणत्याही दूतावासात नव्हे, शेतात दिले गेले. १९६६ मध्ये कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांच्या पुढाकाराने १८,००० टन मेक्सिकन बियाणे आले आणि १९६८ मध्ये गव्हाचे विक्रमी पीक निघाले. परक्याचे धान्य आज भूक भागवते. बियाणे उद्याची लाचारी संपवते.

याच देशाने २००३ मध्ये अनेक देशांकडून मिळणारी द्विपक्षीय मदत यापुढे नको, असे सांगितले. २०२२ मध्ये श्रीलंका आर्थिक संकटात सापडली, तेव्हा सुमारे ४ अब्ज डॉलरचे साहाय्य भारताने दिले.

मागणाऱ्याचा हात आता देणारा झाला आहे. देताना समोरच्या राष्ट्राची मान खाली जाणार नाही, एवढे भान राखणे हीच १९५१ ची शिकवण होय.